रिक्वायर्ड, जिंजा आणि ट्राय-एक्सेप्टवर फॉर्म सोडू नका

"रकान्यांना रिक्वायर्ड लावा, एस्केपिंग जिंजा बघतं, आणि रूटभोवती ट्राय-एक्सेप्ट घातलं की फ्लास्क ॲप सुरक्षित." नव्याने फ्लास्क, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट, शिकणाऱ्यांना हा सल्ला सर्रास मिळतो. (जिंजा हे तिचं पानं छापणारं टेम्प्लेट-साधन; एस्केपिंग म्हणजे भरलेला मजकूर कोड म्हणून चालू नये अशा रूपात छापणं; रूट म्हणजे एका पत्त्यामागचा कोड; ट्राय-एक्सेप्ट म्हणजे त्यात उडालेली चूक पकडणं.) माझ्याकडे शिकायला येणारी मुलं तो वहीत उतरवूनच आणतात. तिन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच त्या जास्त नडतात.

रकाना भरलाच पाहिजे सांगणारा रिक्वायर्ड आणि ठरावीक रूप मागणारा पॅटर्न तपासतो तो ब्राउझर. कर्लने, म्हणजे ब्राउझरशिवाय विनंती पाठवणाऱ्या साधनाने, फॉर्मची माहिती थेट पाठवली की त्यांचा संबंधच उरत नाही. हे पटलं की मुलं सर्व्हरवर तपासणी लिहितात, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. एका वाचनालयाच्या सभासद नोंदणीत नावासाठी सगळी अक्षरंच आहेत ना हे बघणारं 'इझअल्फा' वापरलं होतं. 'कमल' हे नाव बिनबोभाट गेलं, 'सविता' मात्र अडलं. दिवसभर आम्ही डेटाबेस तपासत बसलो. कारण साधं होतं: युनिकोडच्या हिशेबात वेलांटी आणि काना ही अक्षरं नव्हेत, चिन्हं आहेत, त्यामुळे 'इझअल्फा' खोटं उत्तर देतं. रेगेक्समधला (मजकुराचा नमुना जुळवायच्या भाषेतला) अक्षरं-अंक ओळखणारा बॅकस्लॅश-डब्ल्यूही मात्रांवर असाच अडतो. म्हणजे आपल्याच भाषेतली बहुतेक नावं आपलाच फॉर्म नाकारतो! नावाला रिकामं नाही ना आणि लांबी किती, एवढंच विचारावं.

आकड्यांचं उलटं होतं. पायथन ३ मध्ये रेगेक्समधला अंक ओळखणारा बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकही स्वीकारतो. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला मोबाइल नंबर दहा अंकांची तपासणी पास होतो, डेटाबेसमध्ये देवनागरीतच बसतो आणि पुढे इंग्रजी अंकांनी शोधला की सापडत नाही. मजकुराचा पूर्णांक करणारं 'इंट' मात्र '२५' चे बरोबर पंचवीस करतं. म्हणून अंक साठवण्याआधी एका रूपात आणा. रकमेसाठी दशांश संख्या देणारं 'फ्लोट' वापरत असाल तर 'नॅन' (इंग्रजीत nan, 'संख्याच नाही') हा शब्द टाकून पाहा: शून्यापेक्षा कमी आहे का, नाही, कमाल मर्यादेपेक्षा जास्त आहे का, नाही. दोन्ही अटींतून सुटतो.

जिंजाचं म्हणाल तर आपोआप एस्केपिंग फ्लास्क चालू करतो, तेही टेम्प्लेटच्या फाइलनावाचा शेवट बघून. एचटीएमएल, एक्सएमएल अशा मोजक्या शेवटांनाच ते लागू होतं. एडिटरच्या सोयीसाठी कुणी फाइलला 'डॉट एचटीएमएल डॉट जे-टू' नाव दिलं, की एस्केपिंग गुपचूप बंद. फ्लास्कबाहेर नुसतं जिंजा वापरलं तर ते मुळातच बंद असतं. शिवाय अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला ॲट्रिब्यूट किंवा 'जावास्क्रिप्ट:' ने सुरू होणारी लिंक एस्केपिंगने अडत नाही. चुकीचं लिहिलेलं व्हेरिएबल तर जिंजा रिकामं छापून मोकळं होतं. पावतीवर 'नाव:' पुढे काहीच नाही. विकसित करताना जिंजाची 'स्ट्रिक्ट अनडिफाइन्ड' ही सेटिंग लावा, मग चूक तिथल्या तिथे एरर देते.

तिसऱ्या सल्ल्याने माझे सगळ्यात जास्त तास खाल्ले आहेत. फ्लास्कमधला 'अबॉर्ट ४०४' ('पान सापडलं नाही') हासुद्धा एक एक्सेप्शनच, म्हणजे कोडने उडवलेली चूकच, असतो. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' त्यालाही गिळतं, आणि न सापडलेल्या पुस्तकाचं पान 'काहीतरी चुकलं' असं म्हणतं. रिक्वेस्टच्या फॉर्ममधून नसलेला रकाना चौकटी कंसाने मागितला तर फ्लास्क स्वतःच ४०० ('विनंती चुकीची') देतो. तेही या जाळ्यात हरवतं आणि लॉगमध्ये एक ओळ राहत नाही. ट्राय फक्त त्या एका 'इंट'भोवती घाला, 'व्हॅल्यूएरर' पकडा, बाकीचं वर जाऊ द्या. सगळ्यात वर एकच हँडलर ठेवा, जो 'लॉगर डॉट एक्सेप्शन'ने पूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठून आली त्याचा माग, लॉगमध्ये लिहील आणि वाचकाला साधं मराठी वाक्य दाखवेल. डीबग मोड चालू ठेवून ट्रेसबॅक लाइव्ह सर्व्हरवर दाखवू नका. त्या पानावरून पायथन कोड चालवता येतो आणि मध्ये फक्त एक पिन असतो.

आणि चूक सापडली की फॉर्म कोरा करून परत देऊ नका. भरलेलं सगळं तसंच ठेवून, चुकलेल्या रकान्याखाली कारण लिहून, ४०० स्टेटससह तेच पान पाठवा. वाचनालयातल्या आजींनी एका बोटाने टाइप केलेला पत्ता त्यांना दुसऱ्यांदा लिहावा लागू नये.