खापर सैनिकांवर का?
पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या सुव्हलाच्या उपसागरात ब्रिटिशांना आलेलं अपयश ‘नवख्या सैनिकांमुळे’ आलं, हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. ६ ऑगस्ट १९१५च्या रात्री हे ब्रिटिश सैनिक तिथे, गलिपोली द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा समोर तुर्कांचे जेमतेम दीड हजार जण होते. पण या सैनिकांचे प्रमुख जनरल स्टॉपफर्ड ‘जॉन्क्विल’ जहाजावरच थांबले आणि सरसेनापती हॅमिल्टन इम्ब्रोस बेटावर. टेकड्या आत्ताच घ्या, असं ठणकावून सांगणार कोण? तहानलेली पोरं किनाऱ्यावर खोळंबून राहिली. हॅमिल्टन पोचले ८ तारखेच्या संध्याकाळी!

त्याच रात्री तुर्कांकडे हल्ला लांबवणाऱ्या अधिकाऱ्याला तिथल्या तुर्की फौजेचे जर्मन सेनापती लिमान फॉन झांडर्सनी तडकाफडकी हटवलं आणि सूत्रं मुस्तफा केमालकडे दिली. हे लेखात यायलाच हवं होतं. स्टॉपफर्डना हटवायला १५ ऑगस्ट उजाडला. लढाईत फौज कधीच न हाताळलेल्या या माणसाला नेमलं होतं ते सेवाज्येष्ठता बघून.