सिलिकॉनची ट्यूब खाली ठेवा आणि आधी इंजिन धुवा

मोटरसायकलखाली तेलाचा थेंब दिसला की गॅरेजमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. फिटर वाकतो, चेंबरवरून, म्हणजे इंजिनच्या खालच्या तेलाच्या भागावरून, एक बोट फिरवतो आणि सांगून टाकतो, "पॅकिंग गेलंय, हाफ इंजिन खोलावं लागेल." पॅकिंग म्हणजे दोन भागांच्या सांध्यात बसणारी पातळ पट्टी, आणि हाफ इंजिन म्हणजे वरचं हेड आणि सिलिंडर. इंजिन धुतलेलं नाही. सुरू करून बघितलेलं नाही. वर टॅपेट कव्हरकडे, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाकडे, साधी नजर टाकलेली नाही. चिखल, चेनचं ग्रीस आणि जुनं तेल यांचा बोटभर काळा थर बसलाय, आणि त्यातून याला दहा सेकंदांत कळलं म्हणे कुठलं पॅकिंग गेलं! गळतीबद्दल कुणाचीच तक्रार नाही. रबर आहे, कागदाचं पॅकिंग आहे, उष्णतेनं कधीतरी जाणारच. पण न शोधता खोलायचं, खोलून झाल्यावर सगळीकडे सिलिकॉन (सांधे बुजवायची ट्यूबमधली पेस्ट) फासायचं आणि महिन्याभरात तोच थेंब परत पडला की "गाडी जुनी झाली" म्हणून हात झटकायचे, याची अक्षरशः चीड येते.

तेल खाली उतरतं आणि गाडी पळत असताना वाऱ्यानं मागे सरकतं. बस, एवढीच गोष्ट डोक्यात ठेवायची आहे. थेंब जिथे पडतो तिथून गळती बहुतेक वेळा होतच नसते. उभ्या सिलिंडरच्या गाडीत टॅपेट कव्हरचं रबर कडक झालं की तेल आधी फिन्सच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या, खाचांत शिरतं, मग हेडच्या सांध्यावर येतं, सिलिंडरवरून ओघळत चेंबरच्या बुडाशी जातं आणि ड्रेन नटाच्या टोकाला लोंबतं. मग एक जण ड्रेन नट आवळून आवळून आटे घालवतो, दुसरा हेडचं पॅकिंग बदलतो, तिसरा दोन्ही करतो आणि दोन्हीचे पैसे घेतो. वरचं रबर तसंच. शोधायची असते ती सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा. आणि ती काळ्या थरात दिसत नाही, म्हणून धुवायचं. यात न समजण्यासारखं काय आहे?

धुण्यातही लोक आळस करतात. थंड इंजिनवर रॉकेल किंवा डिझेल ब्रशनं लावा, वीसेक मिनिटं मुरू द्या, कानाकोपरा घासा, मग साबणाच्या पाण्यानं डिझेलसुद्धा काढा. हे दुसरं धुणं कुणी करत नाही. फिन्समध्ये राहिलेलं डिझेल इंजिन तापल्यावर खाली झिरपतं आणि तीच गळती समजून पुढचं सगळं चुकतं. गरम इंजिनवर पेट्रोल ओतणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा. कॉस्टिकचं पाणीही नको, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं आणि खाल्लं जातं. सायलेन्सरच्या आणि एअर फिल्टरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, प्रेशर गनचा फवारा शाफ्टभोवतीच्या रबरी सीलवर थेट मारू नका, आणि शेवटी कंप्रेसरच्या हवेनं इंजिन खडखडीत कोरडं करा.

मग टाल्कम पावडर. घरातली साधी पावडर पातळ फडक्यात बांधून संशयाच्या जागांवर थापटायची: टॅपेट कव्हर, हेडचा सांधा, सिलिंडरच्या बुडाचा सांधा, कॅम चेन टेन्शनर, दोन्ही साइड कव्हर, गिअर आणि किकचे शाफ्ट. इंजिन जागेवर पाच मिनिटं चालवा, बंद करा, टॉर्चनं बघा. परत पाच मिनिटं, परत बघा. पांढऱ्या पावडरीत पहिली राखाडी रेघ जिथे उमटते तिथे बोट ठेवायचं. काही गळत्या तेल तापून पातळ झाल्याशिवाय सुरूच होत नाहीत, त्यासाठी दहा किलोमीटर फिरून या. तरी सापडत नसेल तर तेलात घालायचा फ्लुरोसंट डाय मिळतो. तो घालून वीस-तीस किलोमीटर गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा, तेलाची वाट पिवळीहिरवी चमकते. सगळं मिळून एका संध्याकाळचं काम. हाफ इंजिन खोलायला दोन दिवस जातात, ते चालतात. हे मात्र "कोण करत बसणार"!

त्याही आधी एक करायचं असतं. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा टाका. उभ्या गाडीतून गळत असेल तर जागा तेलाच्या पातळीच्या खाली आहे, म्हणजे ड्रेन नट, साइड कव्हरचा खालचा भाग, गिअर शाफ्टचं सील. पुठ्ठा कोरडा आणि चालवल्यावर मात्र इंजिन ओलं, तर वरचे सांधे किंवा ब्रीदर, म्हणजे इंजिनमधली हवा बाहेर सोडणारी नळी, बघा. शिवाय गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते, त्यामुळे डाव्या बाजूला तेलाची पातळी चढते आणि डावीकडचं अर्धमेलं सील फक्त साइड स्टँडवरच थेंब टाकतं. एक रात्र साइड स्टँडवर, एक रात्र मेन स्टँडवर. फुकट होणारी तपासणी आहे, अर्धा शोध इथेच लागतो, आणि हे विचारणारा फिटर शोधून सापडत नाही.

आणि ते तेल इंजिनचंच आहे का, हे तरी बघा! चेनला भरमसाट ल्यूब मारलं की ते पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हरमध्ये साचतं, तापल्यावर खालच्या कडेतून ठिबकतं आणि हुबेहूब इंजिनची गळती वाटतं. एअर फिल्टर बॉक्सच्या खालच्या नळीत साठलेलं तेल ब्रीदरमधून आलेलं असतं. थोडंसं असेल तर नळीचं बूच काढून रिकामं करायचं, बास. कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर चेंबरवर उलट धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसतो आणि पेट्रोलचा वास येतो.

पुढच्या स्प्रॉकेटची जागा म्हणजे सगळ्या फसवाफसवीचं माहेरघर. कव्हरचे दोन-तीन बोल्ट काढले की आत गच्च काळा लगदा असतो. तो खरवडून रॉकेलनं साफ केल्याशिवाय काही कळणारच नाही, कारण वितभर जागेत तीन-चार संशयित आहेत: स्प्रॉकेटच्या शाफ्टचं सील, गिअर शाफ्टचं सील, न्यूट्रल स्विचची ओ-रिंग (गोल रबरी कडी), आणि काही इंजिनांत क्लचच्या पुशरॉडचं सील. मॅग्नेटची वायर जिथून बाहेर येते ते रबरही इथेच जवळ असतं आणि ते कुणाच्या खिजगणतीतही नसतं. साफ करून पावडर लावा आणि चार-पाच किलोमीटर चालवून या, कारण स्प्रॉकेटचा शाफ्ट गाडी चालल्याशिवाय फिरत नाही, न्यूट्रलमध्ये इंजिन घुरघुरवून ते सील कधीच पकडता येणार नाही. बघताना इंजिन बंद. फिरत्या स्प्रॉकेटजवळ बोट नेऊ नका.

सील गेलेलं सापडलं की नवीन ठोकून मोकळं होणारे पुढचा घोटाळा करतात. ते गेलं का? शाफ्ट हातानं वरखाली हलवून बघा. स्प्रॉकेटची पाटी स्वतःच्या दात्यांवर थोडी डुलते ते ठीक, पण शाफ्टच हलत असेल तर बेअरिंग गेलंय आणि नवीन सील काही आठवड्यांत परत गळणार. बेअरिंग कशानं जातं? तारेसारख्या ताणलेल्या चेननं. बहुतेक छोट्या गाड्यांना 20 ते 30 मिमी ढील सांगितलेली असते. माणूस मागे बसला, सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते आणि तो सगळा भार शाफ्टवर येतो. चेन घट्ट करून देणारा आणि नंतर सीलचे पैसे घेणारा बऱ्याचदा एकच असतो, म्हणून बोलावं लागतं.

सील बसवायचीही पद्धत आहे. सीलवर 20×34×7 असं काही छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तोच माप घ्या, "जवळपास तेच" चालत नाही. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. लिपला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या रबरी कडेला, तेलाचं बोट लावा, कोरडी लिप पहिल्याच फेऱ्यात फाटते. शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर सील सरकवतानाच चिरतं. जुन्या सीलनं शाफ्टवर खाच पाडली असेल आणि सीलच्या खोबणीत जागा असेल तर नवीन सील मिलिमीटरभर पुढेमागे बसवा. एका कडेवर हातोडी मारून सील तिरकं बसवलं तर ते पहिल्या दिवसापासून गळणार, त्याला कंपनीचा माल काय करणार?

आता ती सिलिकॉनची ट्यूब. कागदी पॅकिंगला, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट असतील तर, सिलिकॉन लागतच नाही. ओ-रिंगला तर कधीच नाही. जिथे कंपनीनंच लावायला सांगितलंय तिथे पुसून कोरड्या केलेल्या पृष्ठभागावर पातळ थर द्यायचा आणि ट्यूबवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पाळायचा. आपल्याकडे टूथपेस्टसारखी जाड वळी पिळतात, कव्हर दाबतात आणि लगेच तेल भरून किक मारतात. बाहेर जेवढं सिलिकॉन दाबून आलेलं दिसतं तेवढंच आतही गेलेलं असतं. ते सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं, किंवा हेडकडे जाणाऱ्या बारीक भोकात अडकतं. मग व्हॉल्व उघडणारे कॅम आणि रॉकर कोरडे चालतात आणि गळतीचं शंभराचं काम हजारांत जातं. बाहेरून एमसील थापणं तर निव्वळ फसवणूक आहे. तेलकट अ‍ॅल्युमिनियमवर ते धरत नाही, आणि पुढच्या माणसाला खरी जागा दिसत नाही.

जुनं पॅकिंग स्क्रूड्रायव्हरनं खरवडणाऱ्यांचे हात धरावेसे वाटतात. अ‍ॅल्युमिनियमवर एक आडवा ओरखडा पडला की तिथून तेलाला कायमची वाट मिळते. थिनर लावा, थांबा, प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा. कव्हर नेमकं जागेवर धरणाऱ्या दोन डॉवेल पिना परत जागेवर बसल्या का ते बघा, त्या हरवल्या तर कव्हर किंचित सरकून बसतं. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या-त्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की बुडाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि कव्हर सैलच राहतं, किंवा केसिंगच फुटतं. साइड कव्हरच्या 6 मिमी बोल्टांना साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात, समोरासमोरचे घेत, दोन-तीन फेऱ्यांत. लांब दांडीच्या पान्ह्यानं अंगाचं वजन टाकून आवळायची ही जागाच नाही. ड्रेन नटाचा वॉशर दर वेळी नवीन घाला. आणि काही इंजिनांत हेडच्या एखाद्या नटाखाली तांब्याचा वॉशर असतो, कारण त्या स्टडभोवतीनं तेल वर चढतं. तो दुसऱ्या नटाखाली गेला की हेडवरून तेल येतं आणि परत "पॅकिंग खराब निघालं" म्हणायला सगळे मोकळे.

एक सील बदललं की दुसरं गळतं, दुसरं बदललं की तिसरं, असं होत असेल तर सीलांना दोष देणं थांबवा आणि ब्रीदर बघा. पिस्टन खालीवर होताना चेंबरमधली हवा बाहेर पडायला ती एकच वाट आहे. नळी दुमडलेली असते, चिखलानं किंवा कुंभारमाशीच्या मातीच्या घरट्यानं बुजलेली असते, आणि आतला दाब सर्वांत कमजोर सीलमधून तेल बाहेर ढकलतो. जादा तेलाचंही तेच. मॅन्युअलमध्ये 900 मिली लिहिलेलं असताना लिटरची बाटली पूर्ण रिकामी करायची आणि वर "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणायचं! बरं नाही. गाडी मेन स्टँडवर सरळ, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद, परत दोन-तीन मिनिटं थांबा, मग पातळी बघा. डिपस्टिकचा आटा फिरवून बघायचं की नुसती टेकवून, हे गाडीप्रमाणे बदलतं, मॅन्युअल वाचा. ब्रीदर मोकळा, पातळी बरोबर आणि तरी नळीतून धुरकट फुंकारे जोरात येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, आणि तेव्हा इंजिन खोलायचं म्हणा.

"बुलेट आहे, गळणारच" हे वाक्य तर कायमचं बंद झालं पाहिजे. जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटचं प्रायमरी कव्हर (क्लचवरचं मोठं झाकण) मध्यभागी एकाच नटावर आणि कडेच्या रबरी रिंगवर बसतं. ती रिंग कडक झाली की लोक नट आवळत सुटतात, कव्हर वाकतं आणि गळती वाढते. नवीन रिंग घाला, नट बेताचा आवळा, थांबते. महिनाभर उभ्या राहिलेल्या बुलेटमध्ये टाकीच्या कप्प्यातलं तेल पंपातून झिरपून क्रँकच्या कप्प्यात साचतं आणि सुरू केल्या-केल्या ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं. ते बघून इंजिन खोलायला सांगणाऱ्यानं ते इंजिन समजून घेतलेलंच नाही.

हे सगळं हौसेसाठी चाललेलं नाही. 100 सीसीच्या गाडीत तेल लिटरभर, त्यातलं 300 मिली गळालं की जवळपास एक तृतीयांश गेलं, आणि ते गळालेलं मागच्या टायरवर आलं तर घाटातल्या ओल्या वळणावर माणूस जातो.

त्यामुळे काम झाल्यावर गाडी धुतलेली असली पाहिजे, पन्नास किलोमीटरनंतर परत तपासून मिळाली पाहिजे, आणि जुना भाग हातात मिळाला पाहिजे. तो नीट बघा. गळणाऱ्या सीलची लिप कडक, चिरलेली किंवा एका बाजूला झिजलेली असते; गळणाऱ्या पॅकिंगवर तेल आरपार गेल्याचा काळपट पट्टा आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत दिसतो. यातलं काहीच नसेल तर चुकीची जागा खोलली गेली आहे. त्या मजुरीचा एक रुपयाही देऊ नका.