सावली गेली शेजारी

आमच्या घरामागे फरशी घातलेली मोकळी जागा आहे, १२ बाय १० फुटांची. ‘संध्याकाळी इथे खुर्ची टाकून वाचत बसेन,’ असं मी राहायला येताना जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात तिथे निवांत पडायचा मान फक्त गाद्यांना मिळाला. त्यांना ऊन खायचं होतं, मला ते टाळायचं होतं, एवढाच आमच्यात फरक.

आधी मोठी छत्री आणली. दुसऱ्याच वावटळीत ती शेजारच्या काकांच्या झाडावर उलटी जाऊन बसली. कुंपणावरून परत देताना काका म्हणाले, “तुमचीच ना?” जणू त्या आकाराची छत्री आणखी चारजण बाळगून होते.

मग ताडपत्री ताणली. मी ती अगदी सपाट, चादरीसारखी बांधली आणि स्वतःवरच खूश झालो. पहिल्या पावसात तिला पोट सुटलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, हे शाळेत शिकलो होतो. त्या लिटरचं एक किलो वजन असतं, हे मात्र मानेला त्या दिवशी कळलं. झाडूच्या दांड्याने खालून पोट वर ढकलायचं आणि पाणी कडेने पलीकडे घालवायचं, अशी माझी योजना होती. पाण्याची योजना वेगळी होती. मी आत आलो तेव्हा बायको म्हणाली, “अहो, आता कायमचं काहीतरी करा.”

हा ‘कायमचं’ शब्द वेल्डिंगवाल्याच्या कानावर पडताच त्याने खिशातून टेप काढला. दोन मिनिटं भिंतीकडे बघून त्याने विचारलं, “साहेब, ढाळ कुठे काढायचा?”

मी पत्र्याचा रंग ठरवून बसलो होतो. ढाळ हा विषय अभ्यासक्रमात होता, हेच मला माहीत नव्हतं. त्याचं म्हणणं साधं होतं : भिंतीला पत्रा लावायचा तर तो छज्ज्याच्या खाली, म्हणजे आठ फुटांवर. फुटामागे निदान एक इंच ढाळ हवा. दहा फुटांना दहा इंच गेले, की पुढची कड सात फूट दोन इंचांवर. “एवढं ठेंगणं नको,” मी म्हणालो, “पत्रा तापला की खाली भट्टी होईल. हवा खेळायला हवी. त्यापेक्षा पुढची बाजूच उंच करू, ढाळ घराकडे देऊ.”

वेल्डिंगवाला सभ्य माणूस. तो काहीच बोलला नाही, नुसता बायकोकडे बघत राहिला. बायको म्हणाली, “वळचणीचं पाणी आढ्याला जातं हे ऐकलं होतं. आपल्याकडे ते थेट स्वयंपाकघरात येणार.”

शेवटी घराला न टेकणारं, चार खांबांचं स्वतंत्र छप्पर ठरलं. ढाळ घरापासून लांब, पुढची कड नऊ फूट आणि घराकडची त्याहून दहा इंच वर. ही उंची माझा हट्ट होता. पुढे जे घडलं त्याचं मूळ या हट्टातच आहे, पण तेव्हा सगळे ‘हवेशीर, हवेशीर’ म्हणून माना डोलावत होते. दार आणि छप्पर यांच्यामध्ये उरलेल्या फटीत पावसात भिजायला होतं, हे आत्ता सांगून टाकतो. छपराखाली जायला आम्हाला छत्री लागते.

खड्डे मात्र मला उगाच खोल वाटले. एवढासा पत्रा तो काय कोसळणार? “कोसळायचं भ्या नाय साहेब,” खड्ड्यातून आवाज आला, “उडायचं हाय.” चारी बाजूंनी उघड्या छपराखाली वारा शिरला की तो पत्रा वर उचलतो. म्हणून खालचं काँक्रीट नुसतं भार पेलायला नसतं, छप्पर जमिनीला धरून ठेवायलाही असतं. छत्रीचा अनुभव ताजा असल्यामुळे मी वाद घातला नाही. स्क्रूसुद्धा त्याने पत्र्याच्या उंचवट्यावर मारले, खोलगट भागात नाही. पाणी खोलगट भागातून वाहतं, तिथे भोक पाडलं की गळतीला आपणच आमंत्रण दिल्यासारखं. प्रत्येक स्क्रूखाली रबराचा वॉशर बसवला. तीन दिवस ओळंबा, पाण्याची नळी, ठिणग्या आणि ‘तिकडं बघू नका साहेब’ यात गेले.

पहिला पाऊस झोकात झाला. एक थेंब गळला नाही. पागोळ्या सरळ पन्हळात गेल्या. आवाज मात्र असा, की फोनवर मेहुण्याने दोनदा विचारलं, “मिरवणुकीत आहात का?”

मग उघडीप झाली आणि तो दिवस आला. दुपारी साडेचार. खुर्ची, पुस्तक, चष्मा. बसलो आणि डोळ्यांवर भक्कन ऊन आलं. खुर्ची सरकवली, तरी ऊन. डोक्यावर पत्रा शाबूत, फरशीवर मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लख्ख प्रकाश. इतका खर्च केलेली सावली गेली कुठे?

दहावीतल्या मुलीने वहीच आणली. सूर्य ४५ अंशांवर आला की नऊ फुटांच्या छपराची सावली नऊ फूट सरकते. ३० अंशांवर आला की साडेपंधरा फूट. “आणि बाबा, आपलं छप्पर पूर्व-पश्चिम बाराच फूट आहे.” म्हणजे छप्पर इथे आणि सावली साडेतीन फूट पलीकडे. ठेंगणं छप्पर केलं असतं तर सावली इतकी लांब पळाली नसती. “तुम्ही खुर्चीवर उभे राहिलात तर डोकं सावलीत येईल,” तिने उपायही सुचवला. वेल्डिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “तिरप्या उन्हाला छप्पर काय करणार? पश्चिमेला उभा आडोसा पायजे. जाळी, वेल, कायतरी. संध्याकाळी बसणार हे आधी बोलायचं ना साहेब.”

पूर्वेला फरशीपासून तीन फुटांवर कुंपण आहे. मी त्यावरून डोकावलो. पलीकडे गर्द, थंडगार, बरोबर १२ फूट लांबीची सावली पडली होती, आणि तिच्यात काका पेपर वाचत बसले होते.

“फार छान काम केलंत,” ते म्हणाले, “आमच्याकडे संध्याकाळी बसवत नव्हतं. या ना.”

मी आधी खुर्ची त्यांच्याकडे दिली, मग पुस्तक, मग स्वतः कुंपण चढलो. पाचेक मिनिटं गेली. काकांनी पाय आखडून घेतले, चष्म्यावरून वर पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “फक्त दोन फूट वाढवायला हवा होता हो. पायांवर ऊन येतंय.”