मिरचीचं पान मिठाच्या पाण्याने सरळ होत नाही

नंदुरबारहून मामांचा फोन आला, तोवर त्यांच्या मिरचीवर मिठाच्या पाण्याच्या दोन फवारण्या होऊन गेल्या होत्या. मिरचीची पानं आक्रसून वळतात, त्या रोगाला चुरडा-मुरडा (लीफ कर्ल) म्हणतात. त्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज सांगतो: ‘चुरडा-मुरडा हा हायब्रीड बियाण्यातला जनुकीय दोष आहे. मिठाचं पाणी मारा, तीन दिवसांत पानं सरळ. ही मिरची खाल्ली तर माणसाचेही जनुक बिघडतात.’

तीन दिवसांत पान सरळ होतं, ही यातली सगळ्यात घातक थाप. पानाची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, हे ते शेंड्यावर डोळ्यांना न दिसणारा उंचवटा असतानाच ठरू लागतं. 1951 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ इयन ससेक्स यांनी बटाट्याच्या शेंड्यावर असा कोवळा उंचवटा आणि शेंडा यांच्यामध्ये बारीक छेद दिला. पान आलं, पण काडीसारखं गोल, पातं नसलेलं. पुढे त्यामागची जनुकं सापडली: वरच्या बाजूला एचडी-झिप-३ गटाची, खालच्या बाजूला कानाडी गटाची. दोन्ही बाजू जिथे भिडतात तिथून पातं पसरतं. एकदा वाकडं वाढलेलं पान कशानेही उलगडत नाही. सुधारणा दिसली तर नव्या फुटव्यात दिसेल. मिठाने पानं करपतात, जमीन खारावते, ते वेगळंच.

जनुकांचा संबंध आहे, एवढं मान्य करते. पण तो बियाण्यातला दोष नव्हे. पांढरी माशी लीफ कर्लचा विषाणू आणते. 2008 च्या ‘जीन्स अँड डेव्हलपमेंट’ या विज्ञान-नियतकालिकातल्या संशोधनात चीनमधल्या टोमॅटोवरच्या अशाच विषाणूचा बीटा-सी-1 नावाचा प्रथिन-रेणू तपासला आहे. झाडाचं एएस-2 हे प्रथिन एएस-1 शी जोडी जमवून पानाच्या बाजू ठरवायला मदत करतं. बीटा-सी-1 एएस-2 ची नक्कल करून त्याच एएस-1 ला धरतं. पान वळतं, शिवाय झाडाचा जास्मॉनिक आम्ल या संप्रेरकावर चालणारा बचावही काही अंशी दबतो. मिरचीतल्या लीफ कर्लच्या विषाणूंबरोबरही बीटा-सी-1 बनवणारा उपग्रह-डीएनए (विषाणूच्या आधाराने राहणारा छोटा डीएनए) आपल्याकडे बऱ्याचदा सापडतो.

आणि दर वेळी विषाणूच असतो असंही नाही. पान वरच्या बाजूला वळलं असेल तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळलं तर कोळी ही बारीक कीड. भिंग घेऊन पान उलटून बघा, मगच औषध ठरवा.

हायब्रीड म्हणजे जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं बियाणं, नव्हे. जीएम मिरची आपल्याकडे लागवडीला नाही. 2002 पासून परवानगी आहे ती बीटी कापसाला. आणि मिरची खाऊन माणसाचे जनुक बदलत नाहीत, तिचा डीएनए भाजीतल्या इतर डीएनएसारखाच पचतो.

मामांना सांगितलंय: मिठाची फवारणी आजच बंद, पिवळे चिकट सापळे लावा, विषाणूची लक्षणं असलेली झाडं उपटून बांधावर न टाकता पुरा.