‘कुंकू’चा शेवट कुणाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’ हा सिनेमा पुन्हा पाहावा असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत ‘मत वेगळं असू शकतं’ म्हणून मोकळं होणं मला पटेना, म्हणून हे लांबलचक उत्तर.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. एक, जुन्या सिनेमांचं कौतुक हे बहुतेक वेळा जुनेपणाचंच कौतुक असतं. दोन, अभिनय नाटकी आहे, यूट्यूबवर आवाज खरखरतो आणि गती सोसवत नाही. तीन, आणि हा तुमचा खरा आक्षेप, की ज्याला आपण बंडखोर सिनेमा म्हणतो त्यात नायिकेची, नीरेची, सुटका शेवटी नवराच करतो. म्हातारा नवरा, काकासाहेब, आत्महत्या करतो, चिठ्ठीत तिला दुसरं लग्न करायला सांगतो, आणि जाताजाता प्रेक्षकांची सहानुभूतीही घेऊन जातो. नीरेच्या हातून काय झालं, असं तुम्ही विचारता.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. सिनेमा १९३७ सालचा. त्या काळात मी नव्हतोच, तर त्याच्या आठवणींनी गहिवरणार कसा? हा सिनेमा काढणाऱ्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या तुतारीचं बोधचिन्ह दिसलं की हात जोडणारी माणसं आपल्याकडे आहेत हे खरं, आणि अशा भक्तीने त्या सिनेमांचं नुकसानच झालं. पूजेला बसवलेल्या वस्तूशी कुणी वाद घालत नाही. तुम्ही वाद घातलात, म्हणजे सिनेमा नीट पाहिलात.

नाटकीपणाचा आरोप मात्र मला मान्य नाही. काकासाहेबांचं काम करणारे केशवराव दाते रंगभूमीवरचेच, पण कोणत्या रंगभूमीवरचे ते पाहा. १९३३ साली मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगमंचावर आणलं. त्यामागचा सगळा हट्टच हा होता की नटाने प्रेक्षकांकडे तोंड करून टाळ्या घ्यायच्या नाहीत, स्त्रियांची कामं स्त्रियांनीच करायची, गाणी प्रसंगातून उगवली पाहिजेत. दाते त्या मंडळींतले. ‘कुंकू’चे संगीतकार केशवराव भोळेही त्याच मंडळींतले. म्हणजे जुन्या नाटकीपणाला कंटाळलेली माणसंच पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये एकत्र आली होती. दात्यांचे काकासाहेब आवाज चढवतात, पण चढवल्यावर आपण उघडे पडलो हे त्यांच्याच लक्षात येतं आणि नजर पडते. ती पडलेली नजर नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचली नसती. दाते ती कॅमेऱ्यासाठी राखून ठेवतात.

आणि आवाज. यूट्यूबवरच्या प्रतीत खरखर आहे, कबूल. जुन्या, झटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचं आयुष्य मुळात बेभरवशाचं. २००३ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली, त्यात मूकपटांच्या आणि ‘प्रभात’च्या कितीतरी मूळ रिळांची राख झाली. जे हाती उरलं त्याच्या नकलेची नकल आपण मोबाइलवर बघतो. पण खरखरीच्या पलीकडे कान द्या. ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला तेव्हा मराठी सिनेमा बोलू लागला, आणि त्यानंतर पाचच वर्षांत शांतारामबापूंनी ठरवलं की रडताना व्हायोलिन नको आणि संतापाला झांजा नकोत. जे ऐकू येईल ते त्या घरातलंच असेल. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके, पावलं, भांडी. आजही किती दिग्दर्शकांना हे धाडस होतं? गती संथ वाटते याचं एक कारण हेही आहे. कुठे हळहळायचं आणि कुठे दचकायचं हे संगीत आपल्याला सांगत नाही. त्या घरात आपल्याला नीरेसारखंच थांबून राहावं लागतं, आणि तेव्हा त्या ठोक्यांचा जाच कळतो.

आता शेवटाकडे येतो. तुमचा हा मुद्दा वजनदार आहे आणि त्याचं उत्तर सिनेमाइतकंच सिनेमाच्या बाहेरही आहे.

नीरेची गोष्ट आठवा. पोरकी मुलगी, मामाने पैशाच्या लोभाने तिला फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधली. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून हा सिनेमा आला, पण जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी प्रेक्षकाला त्याच्या खूप आधीपासून पाठ होता. गो. ब. देवलांचं ‘शारदा’ हे नाटक १८९९चं. तिथे लग्न बोहल्यावरच मोडतं. वधूवर एकाच गोत्राचे निघतात, शारदा वाचते, पुढे तिला तरुण नवराही मिळतो. चाळीस वर्षं प्रेक्षक त्या सुटकेवर टाळ्या वाजवत होता. ‘कुंकू’ नेमका तिथून पुढे सुरू होतो. इथे ‘शारदा’तल्या तरुण नायकासारखा कुणी कोदंड धावून येत नाही आणि गोत्रही आड येत नाही. लग्न लागतं. आता पुढे काय, हा प्रश्न घेऊन सिनेमा उभा राहतो.

पुढे काय होऊ शकत होतं? तिने सोडून जायचं होतं, घटस्फोट घ्यायचा होता, असं आपण आज सहज म्हणतो. पण मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो आला १९४७ साली, आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ साली. बडोदा संस्थानाने आधी केला होता, पण पुण्या-मुंबईच्या बाईला त्याचा काय उपयोग? काही जातींत काडीमोडीची रूढी होती. वकिली करणाऱ्या पांढरपेशा घरात तीही नाही. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा झाला होता १९२९ साली, पण तो मुलीचं वय किमान चौदा असावं एवढंच म्हणत होता. नवरा तिच्या बापाच्या वयाचा आहे का, याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं.

आणि नुसतं ‘नांदणार नाही’ म्हटलं तर? त्याचं उत्तर मुंबई हायकोर्टाने त्याआधी पन्नास वर्षं देऊन ठेवलं होतं. रखमाबाईंनी लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जायला नकार दिला. आधीच्या एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला होता, तो अपिलात फिरला, आणि १८८७ साली कोर्टाने सांगितलं की नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं आणि त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. पण त्या पैशाने एक प्रकरण मिटलं, कायदा तसाच राहिला.

हे लक्षात ठेवून काकासाहेबांचा पेशा पाहा. ते वकील आहेत. आपला हक्क कुठवर पोचतो हे त्या घरात कुणाला ठाऊक असेल तर त्यांनाच. आणि नीरा त्याच घरात, त्याच छपराखाली राहून तो हक्क नाकारते. ती पळत नाही, जीव देत नाही, नवऱ्याला पायाला हात लावू देत नाही की अंगाला. सासूच्या तोऱ्यात वावरणाऱ्या आत्याला ती जुमानत नाही. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा छडीने त्याला फोडून काढते. हातात कायदा नाही, पैसा नाही, माहेर नाही. एक ‘नाही’ आहे आणि तेवढ्यावर ती सिनेमाभर उभी राहते. तिच्या हातून काय झालं, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. एका माणसाला आपल्या हक्काची लाज वाटायला लावणं तिच्या हातून झालं. हक्क काढून घेण्याची ताकद तर तिला कुणीच दिली नव्हती.

त्यामुळे शेवटाकडे मी औदार्य म्हणून बघत नाही. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६पासून कायद्याची मान्यता होती, पण सवाष्णीला सुटकेची वाट नव्हती. नवऱ्याचा मृत्यू, एवढा एकच दरवाजा कायद्याने ठेवला होता. वकील असलेल्या काकासाहेबांना तोच सापडतो. बाईने मोकळं व्हायचं तर नवऱ्याने मरायला हवं, हे भयंकर आहे, आणि ते भयंकरच वाटलं पाहिजे. तुम्हाला शेवट पाहून समाधान वाटलं नाही. मलाही नाही वाटलं. मात्र तुम्ही तो सिनेमाचा दोष मानता. माझ्या लेखी ती त्या काळाची सिनेमात उतरलेली साक्ष आहे.

सहानुभूतीबद्दल. हो, काकासाहेबांची कीव येते. आरशासमोर तरुण दिसायची त्यांची धडपड पाहून आधी हसू येतं आणि मग हसू जातं. दात्यांऐवजी कुणी ठरीव खलनायक उभा केला असता तर सिनेमा सोपा झाला असता, आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत बसलेले सगळे काकासाहेब ‘आपण असे नाही’ म्हणत घरी गेले असते. हा माणूस शिकलेला आहे, चारचौघांत पुढारलेला म्हणवतो. अन्याय करायला राक्षस लागत नाही, हे दाखवायचं तर पात्र असंच हवं. आणि त्याच्यासमोर सिनेमाने आणखी एक बाई उभी केली आहे, तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. समाजकार्य करणारी त्यांची मुलगी सुशीला बापाचं घर सावरायला येत नाही, नीरेच्या बाजूने उभी राहते. हे काम शकुंतला परांजपे यांनी केलं. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी केंब्रिजमध्ये गणित शिकून आली होती, संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या विचारांची होती, आणि १९३८पासून त्याच कामाला तिने स्वतःला वाहून घेतलं. अशी बाई त्या भूमिकेसाठी निवडणं हीसुद्धा सिनेमाने घेतलेली बाजूच आहे.

तुमच्या आक्षेपातला एक भाग मात्र उरतो आणि त्यावर मी वाद घालणार नाही. ती चिठ्ठी. नीरेने पुढे काय करावं हेही काकासाहेबच सांगून जातात. पुन्हा लग्न कर, हाच मार्ग. तिला शिकायचं असेल, एकटं राहायचं असेल, हे कुणी विचारत नाही. इथे सिनेमा आपल्याच नायिकेच्या मागे पडतो. तिने सिनेमाभर दाखवलेली हिंमत त्या चिठ्ठीत मावत नाही.

पण मग ‘माणूस’ पाहा. दोनच वर्षांनी, १९३९ साली, तोच दिग्दर्शक, तीच ‘प्रभात’. इथे पोलीस शिपाई गणपत वेश्यावस्तीतल्या मैनेला त्या जगातून बाहेर काढायला निघतो. सुधारक पुरुष आणि उद्धाराची वाट पाहणारी बाई, अशी ठरलेली मांडणी. मैना तिच्यात बसत नाही. तिला पैशासाठी छळणारा मामा तिच्या हातून मारला जातो, आणि गणपत तिला सोडवायला धडपडतो तेव्हा ती त्याची मदत नाकारून तुरुंगात जाते. तिची सुटका कुणी करायची, हा प्रश्न शांताराम आणि ‘प्रभात’ची मंडळी पुन्हा विचारत होती, आणि या वेळी उत्तर पुरुषाच्या चिठ्ठीतून आलेलं नाही. शांता हुबळीकरांनी ती मैना अशी केली आहे की तिच्या हसण्याचीसुद्धा भीती वाटते. ‘कुंकू’ एकटा पाहिला की त्याचा शेवट हा निकाल वाटतो. शेजारी ‘माणूस’ ठेवला की कळतं, वाद अजून चालू होता.

आणि तो पडद्यापुरताही नव्हता. नीरेचं काम करणाऱ्या शांता आपटे यांनी १९३९ सालीच कराराच्या वादातून ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषण केलं. पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात येणाऱ्या मुलींना त्यांनी सावध केलं. नीरेला घर मिळालं नाही तसा त्यांना स्टुडिओही पुरेसा आपला वाटला नसावा, असं मला वाटतं. ‘कुंकू’वर लिहिताना आपण शांतारामांचं नाव दहादा घेतो आणि शांता आपट्यांचं दोनदा, हे थांबायला हवं.

तेव्हा विनंती एवढीच, की ‘माणूस’ पाहा, आणि पाहून झाल्यावर पुन्हा लिहा. मैनेच्या नकारातही तुम्हाला पुरुषाने लिहिलेला त्यागच दिसला तर तेही लिहा. त्यावर मला आतापासूनच भांडायचं आहे.