‘५०० मायक्रॉनच्या वर असला की झालं’ या आक्षेपाला उत्तर

लॅसिकवरच्या (चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसर ऑपरेशनवरच्या) माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं की, कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, ५०० मायक्रॉनपेक्षा (अर्ध्या मिलिमीटरपेक्षा) जाड असला की लॅसिक बिनधास्त करावं, मी उगाच भीती घालतो. दाखला तुमच्या बहिणीचा: नंबर मायनस ८, जाडी ५१०, दोन वर्षं झाली, नजर उत्तम.

नुसत्या जाडीवर काही ठरत नाही, वजाबाकी करून बघा. वरचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, साधारण ११० मायक्रॉनचा. तो परत बसवला तरी आधीसारखा घट्ट सांधत नाही, त्यामुळे डोळ्यातला दाब पेलायला त्याचा फारसा उपयोग नाही. मग एका नंबरमागे लेसर १५ मायक्रॉनच्या आसपास झिजवतं (मशीननुसार थोडं इकडेतिकडे). मायनस ८ ला १२० गेले, उरले २८०. किमान २५० उरावेत हा जुना नियम पाळला गेला, पण बरेच सर्जन ३०० च्या खाली उतरत नाहीत. शिवाय ५१० पैकी २३० ला हात लागला, म्हणजे ४५ टक्के. ४० च्या पुढे कॉर्निया पातळ होत पुढे फुगण्याचा, एक्टेशियाचा, धोका वाढतो. आणि तो कधीकधी बऱ्याच वर्षांनी दिसतो. याच ५१० वर नंबर मायनस ३ असता तर ३५५ उरले असते, मी चकार शब्द काढला नसता.

उलट ५५० चा कॉर्निया असून टोपोग्राफीचा, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या तपासणीचा, नकाशा खालच्या बाजूला वाकडा आला, तर लॅसिक नकोच. हा नकाशा खरा यायला सॉफ्ट लेन्स आठवडा-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद हव्यात. घाईत नेमकं हेच राहतं.

एक चूक मात्र माझी. ‘डोळे कायमचे कोरडे पडतात’ हे मी त्या लेखात सरसकट लिहिलं. फ्लॅप करताना नसा कापल्या जातात, बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात आराम पडतो, तोवर थेंब घालायचे. थोड्यांचाच त्रास टिकतो. वाक्य बदललं आहे.

बहिणीला घाबरवू नका. वर्षातून एकदा टोपोग्राफी करावी, डोळे चोळू नयेत. सिलिंडर नंबर वाढू लागला तर लगेच दाखवावं, वेळेत क्रॉसलिंकिंग (कॉर्निया कडक करण्याचा उपचार) केलं तर बहुतेकदा फुगणं थांबतं. डोळ्यामागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणीही चालू ठेवावी, कारण नंबर गेला तरी डोळा मायनस ८ चाच लांबट राहतो. ऑपरेशनआधीचे रिपोर्ट जपून ठेवायला सांगा, पुढे मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढताना ते लागतात.