आधी कुळ्याला न्या
मुलांना आगगाड्यांची गोडी लावायला खेळण्यातला रेल्वेचा सेट आणा, असा सल्ला एका लेखात वाचला; तो ठीक. पण गोव्यात राहून आधी दुकान कशाला गाठायचं? कुळे स्टेशनवर न्या. पुढे ब्रागांझा घाटात दर ३७ मीटरला एक मीटर चढ, म्हणून गाडीला इथे जादा इंजिनं जोडतात. कपलिंग (इंजिन गाडीला जोडणारा आकडा) बसतानाचा खाडकन आवाज ऐकून आमचा नातू आधी आजीच्या पदराआड लपला, मग ‘परत, परत’ म्हणून हटूनच बसला. कोकण रेल्वेची रो-रो, म्हणजे ट्रक वाहून नेणारी मालगाडीही दाखवा. वाघिणींवर ट्रक, ट्रकात ड्रायव्हर, आणि पोरांनी हात केला की तेही करतात (आम्हा म्हाताऱ्यांना नाही!). फक्त रुळांजवळ सेल्फीबिल्फी नको, आणि प्लॅटफॉर्मवर पोराचा हात सोडू नका.